एक मैल पश्चिमेला

१

दर गुरुवारी सकाळी नऊला मी थेल्माबाईंच्या दारासमोर गाडी उभी करायचे, तेव्हा त्या पायरीवर उभ्याच असायच्या. एका हातात थर्मास, खांद्याला पिशवी, पिशवीत अंड्याची सँडविचं, मोजमापाची फीत आणि माझ्यासाठी वही. मी दार उघडलं की त्या मनगटावरच्या घड्याळाची कळ दाबायच्या. घड्याळ खणखणीत आवाजात वेळ सांगायचं आणि बाई म्हणायच्या, "दोन मिनिटं, स्टेफा." शाळेची बस सत्तावीस वर्षं चालवून मी निवृत्त झालेली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, दोन नातवंडांची आजी. पण त्यांच्या लेखी मी उशिरा येणारी विद्यार्थिनीच.

टॉर्सन हे आमचं गाव चारशे वस्तीचं. जुन्या रेल्वे स्टेशनात आमचं छोटंसं संग्रहालय आहे. दोन वर्षांपूर्वी तिथल्या मंडळींनी ठरवलं, की आसपासच्या ओसाड जागांची नोंद करायची. रेल्वे गेली तशी गावं उठली. शाळा, चर्च, पोस्ट, धान्याची कोठारं माळावर तशीच उभी राहिली आणि एकेक करून आडवी होऊ लागली. ती पूर्ण जमिनीला मिळण्याआधी फोटो काढायचे, मापं घ्यायची, काय उरलंय ते लिहायचं. यादीत बेचाळीस जागा होत्या. थेल्मा ऑप्सेथबाईंनी आयुष्यभर शाळा शिकवलेली, त्यांना सगळं तोंडपाठ. मला गाडी चालवता येत होती. काम आमच्याकडे आलं.

बाईंना डोळ्यांचा आजार होता. समोरचं मधलं सगळं पुसलेलं, फक्त कडा दिसायच्या. तुमच्याशी बोलताना त्या तोंड थोडं बाजूला वळवायच्या, म्हणजे तुम्ही त्यांच्या कडेला याल. नवीन माणसाला वाटायचं, बाई रागावल्या आहेत.

एक्केचाळीस जागा झाल्या. राहिली ती फेअर मेडोची शाळा. ती दर वेळी पुढे ढकलली जायची. कधी रस्ता ओला, कधी शिकारीचा मोसम, कधी बाईंचा गुडघा. मला इतकंच माहीत होतं, की त्यांची पहिली नोकरी तिथली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांनी ती सोडली. सप्टेंबरात डॉक्टरांनी सांगितलं, की हिवाळ्यापर्यंत कडाही जातील. दवाखान्यातून परतताना बाईंनी निम्म्या वाटेपर्यंत यादीतल्या जागा बोटांवर मोजल्या. मग म्हणाल्या, "या गुरुवारी फेअर मेडो." बाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं.

२

त्या वर्षी जुलैपासून पाऊस नव्हता. खडीच्या रस्त्यावर आपल्या गाडीमागे धुळीची एवढी मोठी शेपटी उठायची, की पाच मैलांवरच्या शेतकऱ्याला कळावं, कुणीतरी चाललंय. आम्ही उत्तरेला चाललो होतो. आमच्याकडे उत्तर-दक्षिण रस्ते मैलामैलावर, आखल्यासारखे सरळ. तेव्हा डाव्या हाताला, मैलभर पश्चिमेला दुसरी धुळीची शेपटी दिसली, त्याचं मला काही वाटलं नाही. कापणीचे दिवस, कुणीतरी पिकअप घेऊन निघालं असेल.

दहा मैल गेल्यावर ती माझ्या खिडकीत तिथंच होती. पुढे नाही, मागे नाही.

मी सहज वेग वाढवला. तिनंही वाढवला. मी कमी केला, तीही मंदावली. सत्तावीस वर्षं रस्त्यावर काढल्यावर एक सवय लागते. आजूबाजूला जे चालतं त्याला मी लगेच नाव देते. तो ट्रॅक्टर, ती दुधाची गाडी, तो अमक्याचा मुलगा, नेहमीप्रमाणे वेगात. या धुळीला नाव देता येईना, कारण तिच्या पुढच्या टोकाशी गाडी दिसत नव्हती. ऊन पूर्वेकडून थेट तिच्यावर पडत होतं. काच चमकायला हवी होती, पत्रा चमकायला हवा होता. धूळ जमिनीतून उठत होती आणि तिच्या पुढ्यात काहीच नव्हतं.

एका चौकात मी थांबले. म्हटलं, नकाशा बघते. बाई म्हणाल्या की बस चालवणारीला नकाशा लागतो हे त्यांना आजच कळतंय. मी हसले आणि डावीकडे पाहिलं. पलीकडची धूळही थांबली होती. वर उठलेली हळूहळू खाली बसली, आणि ती बसल्यावर तिथे पिवळा माळ आणि त्यावर आभाळ, एवढंच उरलं.

बाईंना सांगायचं नाही असं मी तिथंच ठरवलं. दोन वर्षं लागली होती त्यांना "फेअर मेडो" म्हणायला. माझ्या डोळ्यांच्या भ्रमापायी मी त्यांना परत फिरवणार नव्हते.

३

वाटेत एल्म्सीचं चर्च लागतं. आमच्या यादीत ते आधीच झालेलं, पण कॉफी प्यायला आम्ही नेहमी तिथं थांबायचो. एल्म्सी गावाचं आता एवढंच उरलंय, पांढरा रंग उडालेलं लाकडी चर्च आणि मागे तेरा थडगी. दाराला कुलूप नसतं.

आत नेहमीसारखंच होतं. बाकांच्या दोन रांगा, वेदीच्या जागी रिकामी चौकट, खिडक्यांखाली मेलेल्या माश्यांचे ढीग. भिंतींच्या फटींतून वारा शिरायचा आणि सबंध खोली एका सुरात गुणगुणत राहायची. मला तो सूर आवडायचा. मी थर्मासचं झाकण उघडून कॉफी ओतली. बाईंनी कप घेतला नाही. त्या बाकाच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या, मान किंचित कलती.

मग त्यांनी विचारलं, वाटेत गाडीच्या काचा बंद होत्या ना? मी म्हटलं, बंदच होत्या, धूळ किती आहे. त्यांनी मान डोलावली.

त्यांची बोटं लाकडावर वाजत होती. टक, टक. टक, टक. सावकाश, एकसारखं. त्या एखादं भजन मनात म्हणत असतील असं मला वाटलं. पण भजनाला कुठंतरी ठेका लागतो, कुठंतरी श्वास लागतो. याला नव्हता. कुणीतरी लांब पल्ल्याला निघालंय आणि घाईत नाही, असं ते होतं. मी बघतेय हे त्यांच्या डोळ्याच्या कडेला आलं असावं. त्यांनी मूठ मिटली.

"निघू या," त्या म्हणाल्या. "कॉफी गाडीत घेईन."

मी दार ओढून घेतलं. पश्चिमेला धूळ नव्हती. मी किल्ली फिरवली आणि ती उठली.

४

पुढे रस्त्याला एक फाटा होता, तो नकाशात नव्हता. शेजारच्या शेतात हार्वेस्टर चालू होता. मी हात केला तसा तो थांबला आणि एक सत्तरीचा माणूस हळूहळू शिडीवरून उतरला. एब पेनर, त्यानं नाव सांगितलं. त्याचे वडीलही हीच जमीन कसत असत. फेअर मेडो म्हटल्यावर त्यानं टोपी मागे सारली आणि म्हणाला, की उजवीकडचा फाटा धरा, सहा मैल, पण तिथं बघण्यासारखं काही नाही. बाई गाडीतून म्हणाल्या, की बघण्यासाठी येतंय कोण. एब हसला.

बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून मी त्याला घेऊन चार पावलं पुढे गेले आणि विचारलं, पश्चिमेकडच्या रस्त्यावर आज कोण आहे.

"पश्चिमेला रस्ता नाही," तो म्हणाला. "पूल वाहून गेला त्या वर्षी नांगरला तो. अडुसष्ट साली. तिथं माझा गहू आहे."

मी बोटानं दाखवलं. आम्ही उभे होतो म्हणून धूळही थांबलेली, पण पुरती बसलेली नव्हती. गव्हावर एक तपकिरी पट्टा तरंगत होता. एबनं डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, वावटळ असेल, या दिवसांत उठते. मला बरं वाटलं. वावटळ, हे नाव मला दोन तासांत सुचायला हवं होतं.

तरी तोंडातून गेलंच. "गहू कापलाय का तिथला?"

"नाही." त्यानं टोपी पुढे ओढली. "उभा आहे."

उभ्या गव्हातून धूळ उठत नाही. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तो शिडीकडे वळला, एक पाय ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, की चारच्या आत परता, हवा बदलणार आहे. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. त्यानं यंत्र सुरू केलं आणि उलट्या दिशेला, पूर्वेकडे नेलं. तिकडचं पीक त्यानं आधीच काढलेलं होतं.

५

फाट्यावर वळून मैलभर गेलो असू. बाईंनी कप रिकामा केला, रुमालानं पुसला, पिशवीत ठेवला. मग विचारलं, "किती लांब आहे ती?"

"शाळा? पाच मैल."

"शाळा नाही. चालतेय ती."

मी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर पुन्हा सुरू करायचं बळ आलं नसतं.

बाई म्हणाल्या, की टॉर्सनची शेवटची घरं मागे पडल्यापासून त्यांना ऐकू येतंय. खडीवर पावलं. गाडी साठच्या वेगानं पळो की ऐंशीच्या, पावलं तशीच, सावकाश, आणि अंतर तेवढंच. आधी त्यांना वाटलं चाकात काही अडकलंय. मग वाटलं, डोळ्यांपाठोपाठ कान चालले. मला सांगितलं तर मी काळजीनं गाडी फिरवीन, म्हणून त्या गप्प राहिल्या.

तेव्हा मीही धुळीचं सांगितलं. आम्ही दोघी एकमेकींपासून तीच गोष्ट लपवत चाळीस मैल आलो होतो.

"सांगते," बाई म्हणाल्या, "एकदाच सांगते. मध्ये बोलू नकोस."

एक्कावन्न सालचा ऑक्टोबर. त्या अठरा वर्षांच्या. एक खोली, एक शेगडी, तेवीस मुलं. त्यात परास्का बोइचुक नावाची अकरा वर्षांची मुलगी तीन मैल चालत यायची. आधी गाईंची धार काढायची, मग शाळा, त्यामुळे रोज उशीर. पोरांनी तिच्यामुळे शिस्त मोडायला सुरुवात केली होती आणि शाळातपासनीस यायचा होता. म्हणून एक दिवस बाईंनी हजेरीनंतर दाराला आतून कडी घातली.

"तिनं दार वाजवलं?" न बोलण्याचं कबूल करूनही मी विचारलं.

"नाही. नुसती उभी राहिली. मला खिडकीतून दिसत होती. तेव्हा मला सगळं दिसायचं." बाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. "मी शुद्धलेखन घालत होते. पाच वाक्यं झाली. मग तिची पावलं खडीवरून गेली. दुपारी वारा सुटला, एवढी धूळ की दिवा लावावा लागला. ती घरी पोचली नाही. बर्फ पडेपर्यंत लोक शोधत होते."

पश्चिमेच्या धुळीनं तोवर वळण घेतलं होतं. आता ती आमच्या बाजूनं चालत नव्हती. गहू कापत, सरळ आमच्या रस्त्याकडे येत होती. मी बाईंना ते सांगितलं आणि विचारलं, मागे फिरू का. अजून फिरता येईल.

"बावन्न वर्षं मीच मागे फिरलेली आहे," त्या म्हणाल्या. "शाळेकडे चल."

६

फेअर मेडोची शाळा रस्त्यापासून अठ्ठावीस पावलांवर होती. मी मोजली. मी वहीत अठ्ठावीस लिहिलं, कारण लिहिण्यासाठी आलो होतो.

छप्पर एका कोपऱ्यात बसलेलं. पूर्वेच्या भिंतीला चार उंच खिडक्या, तीन फुटक्या. आत पारव्यांची घाण, फुगून वर आलेल्या फळ्या, शेगडीच्या जागी भिंतीवर काळा डाग. लोखंडी पायांचे बाक जमिनीला स्क्रूनं पिळलेले असल्यामुळे कुणी नेले नव्हते. सहा उरले होते. समोर पाटीच्या दगडाचा फळा, मधोमध तडकलेला. उंदरांचा आणि जुन्या लाकडाचा वास.

बाई एकदाच अडखळल्या, उंबऱ्यावर. मग मापून ठेवल्यासारख्या चालत गेल्या आणि फळ्यासमोरच्या चौथऱ्यावर चढल्या. टेबल नव्हतं. जिथं असायचं तिथं, त्याच्या मागे उभ्या राहिल्या.

बाहेरचा वारा पडला. दारातून दिसणारं गवत हलायचं थांबलं. आणि मग मलाही ऐकू आलं.

ते मी आधीच मनात इतकं ऐकलं होतं, की पहिली काही पावलं खरी वाजली हे मला उशिरा कळलं. खडीवर. मग खडी संपून कोरड्या गवतात. जड होती. अकरा वर्षांच्या मुलीची पावलं मी हजारो वेळा बसच्या पायऱ्यांवर ऐकली आहेत. ही तशी नव्हती. पण चालताना माणूस थकतो, मोठा होतो, असं काहीतरी मी स्वतःला समजावलं.

दारातला उजेड तपकिरी झाला. मी दारापाशीच उभी होते. आतल्या बाजूला, गंजलेली, ती कडी अजून होती. माझा हात आपोआप तिच्याकडे गेला.

"स्टेफा," बाई म्हणाल्या, "कडीला हात लावायचा नाही."

मी भिंतीला पाठ लावली आणि माझ्या बुटांकडे बघत राहिले. पावलं पायरीशी येऊन थांबली होती. कुणी दार वाजवलं नाही.

बाईंचा आवाज बदलला. दोन वर्षांत तो मी ऐकला नव्हता, पण ओळखला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, न ओरडता.

"उशीर झालाय. आत ये. जागेवर बस."

माझ्या बुटांसमोरून काहीतरी गेलं. फळ्या एकामागून एक खाली दबल्या आणि वर आल्या. तिसऱ्या बाकाचे लोखंडी पाय कण्हले, जमिनीतल्या स्क्रूपर्यंत.

बाई म्हणाल्या, आता तू गाडीत जाऊन बस, मला दहा मिनिटं लागतील. मी हलले नाही. त्यांनी ते दुसऱ्यांदा त्याच आवाजात सांगितलं, तेव्हा माझे पाय माझं ऐकेनासे झाले आणि मी बाहेर पडले.

७

गाडीत मी बसले नाही. न फुटलेल्या चौथ्या खिडकीखाली जाऊन उभी राहिले. त्यांना तिथं एकटं सोडून गाडीत बसणं मला जमणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर बघायचं होतं. आत कुणी नसेल, फळ्या उन्हानं वाजल्या असतील, हे मला डोळ्यांनी पाहून घ्यायचं होतं.

काच धुळीनं माखलेली. मी तळहातानं एक कोपरा पुसला.

बाईंना कुठून तरी खडूचा तुकडा सापडला होता. त्या फळ्यावर लिहीत होत्या. ओळ खाली घसरत गेलेली, अक्षरं एकमेकांवर चढलेली. लिहिता लिहिता त्या तोंडानं वाक्य सांगत होत्या, एकेक शब्द, मुलांना वेळ मिळावा तसं. आवाज इतका हळू होता की बाहेर पोचत नव्हता, फक्त ओठ दिसत होते.

तिसऱ्या बाकावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं.

ते बाकात मावत नव्हतं. गुडघे दोन्हीकडून बाहेर आले होते, खांदे पुढच्या बाकापर्यंत. डोक्यापासून पायापर्यंत एकच रंग, रस्त्याचा. कपडे कुठं संपतात आणि ते स्वतः कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. मान खाली घातलेली, लिहिणाऱ्या मुलासारखी. पण हात हलत नव्हते. बाकावर हात होते की नाही, तेही मला सांगता येणार नाही.

बाई चौथऱ्यावरून उतरल्या. पहिला बाक चाचपला, दुसरा चाचपला. तिसऱ्याशी थांबल्या आणि त्या खांद्यावर हात ठेवला. पिठात जावा तसा त्यांचा हात मनगटापर्यंत आत गेला. त्यांनी तो काढला नाही. वर्गातल्या घाबरलेल्या मुलाला थोपटतात तसं काहीतरी त्या बोलत होत्या.

मग ते डोकं खिडकीकडे वळू लागलं.

मी खाली बसले. भिंतीला पाठ लावून, गवतात, गुडघे छातीशी घेऊन, आणि बाईंच्या घड्याळानं आतून वेळ सांगितली तोवर तशीच बसून राहिले.

बाई दारात आल्या. उजवा हात मनगटापर्यंत राखाडी झाला होता. त्यांनी तो झटकला नाही. त्यांचा चेहरा शांत होता. म्हणाल्या, की धडा पुरा झाला आणि आता तिला घरी सोडायचं आहे, बोइचुकांची जागा इथून तीन मैल उत्तरेला, लायलॅकच्या झुडपांची रांग दिसेल.

"बाई," मी म्हटलं, "ती तीच आहे का?"

"दुसरं कोण असणार?"

त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं, धरून ठेवलं, थोडा वेळ गेल्यावर लावलं. गाडी मागच्या बाजूला खाली बसली. चार पोती गहू टाकला असता तर बसली असती तेवढी.

८

मी आरसा छताकडे वळवून टाकला. तीन मैल. खणलेल्या मातीचा गार वास गाडीत भरला होता. बाई पुढच्या सीटवरून मागे बोलत होत्या, की दुसऱ्या वाक्यात चूक बाईंचीच होती, त्यात तिचा दोष नव्हता. की गाईंचं त्यांना ठाऊक होतं, ठाऊक असूनही कडी घातली. मागून उत्तर येत नव्हतं. श्वाससुद्धा येत नव्हता. मी दोन्ही हात चाकावर ठेवले आणि फक्त रस्ता पाहिला. एकदा माझ्या मनात आलं, गाडी सोडून पळावं. पण बाई शेजारी होत्या, आणि त्यांना पळता येत नव्हतं.

लायलॅकची रांग आली. तिच्या आत घर नव्हतंच. तळघराचा खड्डा, त्यात वाढलेलं गवत, विहिरीवर सिमेंटचं झाकण. दुपारचे साडेबारा. सगळीकडे लख्ख ऊन.

मी थांबले. बाई उतरल्या, मागचं दार उघडलं आणि झुडपांकडे तोंड करून दोन पावलं पुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी जागेवरच होते. माझ्या पाठीमागे गाडी हळूहळू वर आली. गवत दबत गेलं, लायलॅकच्या दिशेनं, आणि झुडपांपाशी थांबलं.

बराच वेळ काही झालं नाही.

मग झुडपांच्या आतून एक बाई बोलली. म्हातारी असावी, थकलेली, कामातून उठून आल्यासारखी. ती माझ्या आजीची भाषा बोलली, युक्रेनियन, आणि आजीच्याच गावाकडची ढब. आवाज हळू होता पण मला शब्दन् शब्द कळला.

"ही आमची नाही."

थेल्माबाई नॉर्वेजियन घरातल्या. त्यांना त्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, म्हणजे तोंड बाजूला नेलं, मला कडेला घेतलं.

"बोलली ना? तिची आई बोलली ना? काय म्हणाली?"

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलं. बावन्न वर्षांनी आता त्या स्वतः बंद दाराबाहेर उभ्या होत्या आणि ते उघडण्याची वाट पाहत होत्या.

"‘आलीस का,’ म्हणाली," मी सांगितलं. "‘ये आत.’"

बाईंनी राखाडी हातानंच तोंड झाकलं आणि रडल्या. मोठ्यानं रडल्या, हुंदके देऊन, विहिरीच्या झाकणाला धरून. मी उतरून त्यांना जवळ घ्यायला हवं होतं. पण तेवढ्यात गवत उलट्या दिशेनं दबू लागलं. आवाज अजिबात नव्हता. झुडपांपासून गाडीपर्यंत एक पट्टा सावकाश आडवा होत आला, बाईंच्या शेजारून, हाताच्या अंतरावरून. आणि माझ्या पाठीमागे गाडी खाली बसली. पहिल्यापेक्षाही खाली.

बाईंनी नाक पुसलं, चाचपत परतल्या. मागचं दार उघडंच होतं, ते त्यांनी लावलं, मग पुढे येऊन बसल्या आणि पट्टा बांधला. कितीतरी वर्षं उभी असलेली माणसं बसावीत तशा बसल्या. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चल, स्टेफा," त्या म्हणाल्या. "आता आपण दोघीच."

त्यांना मी काय सांगणार होते? टॉर्सन तिथून चोपन्न मैल होतं. मी गिअर टाकला.